नासक्या अंड्यांचा वास

९ जानेवारी

आज आंघोळ केली आणि आंघोळ झाल्यावर पुन्हा आंघोळ करावीशी वाटली.

ही वही जोलीनने नाताळला दिली. कव्हरवर हसरा निवडुंग आहे आणि आत तिच्या अक्षरात लिहिलंय, "आई, प्रवासात दिसलेलं एकेक आश्चर्य लिही." तर लेकी, पहिलं आश्चर्य लिहिते: आमच्या कॅम्परमध्ये, या चाकांवरच्या घरात, गरम पाण्याचा नळ सोडला की नासक्या अंड्यांचा वास येतो. थंड नळाला येत नाही, फक्त गरम. केस धुतले की तो वास उशीला लागतो, उशीचा गालाला लागतो. भांडी त्याच पाण्यात, माझी अंतर्वस्त्रं त्याच पाण्यात. काल कपातल्या चहालाही तोच.

विस्कॉन्सिनमधलं घर सप्टेंबरात विकलं. मागच्या कुंपणाला माझी लायलॅकची झाडं होती. आता आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात, ट्रेलर उभे करायच्या एका पार्कमध्ये, कुणाच्या तरी जुन्या ट्रेलरमध्ये राहतो. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या डोक्यातून आलं. निवृत्त झाला आणि म्हणाला, आता देश बघायचा. देश म्हणजे ही खडी आणि शेजाऱ्यांच्या खुर्च्या.

आणि हाच ऑरिन, ज्याने उभा जन्म चीजच्या कारखान्यात प्रत पारखण्यात घालवला, ज्याच्या नाकावर आमचं घर चाललं, तो मला म्हणतो, "कसला वास? मला तर नाही येत." अगदी सरळ चेहऱ्याने. ट्रेलर त्याने निवडला ना, मग त्यात खोट कशी निघेल.

११ जानेवारी

शनिवारी पार्कच्या हॉलमध्ये सगळ्यांचा पॅनकेकचा नाश्ता असतो. मी ठरवून गेले आणि टेबलावर बसताच विषय काढला. ऑरिन ताटात बघत राहिला.

बर्ल टगल म्हणून एक ओक्लाहोमाचा आहे, तेलविहिरींवर काम केलेला. त्याला बोलायला निमित्तच हवं असतं. त्याने काट्याने पॅनकेकवर टाकी काढून दाखवली. हीटरची टाकी पोलादाची. पाणी पोलाद खातं. म्हणून टाकीत एक कांब बसवतात, तिला ॲनोड रॉड म्हणतात. पाणी मग टाकी सोडून कांब खातं. आमच्या हीटरमध्ये मॅग्नेशियमची कांब असणार. ती टाकीला फार चांगली जपते, पण इथलं विहिरीचं पाणी गंधकाचं, त्यात जंतू, आणि मॅग्नेशियमशी त्यांची गाठ पडली की हा वास.

"मग काढून टाकू की ती कांब," मी म्हणाले.

तेव्हा आमच्या शेजारच्या डॅफ्नीने बशी बाजूला सारली. ती कॅनडातल्या सस्कॅचवानची, नवरा वारला तरी दर हिवाळ्याला एकटी गाडी हाकत येते. तिच्या नवऱ्याने तेच केलं होतं. कांब काढली आणि त्या भोकाला साधं पितळी बूच मारलं. वास लगेच गेला. पुढल्याच्या पुढल्या हिवाळ्यात एक दिवस ती चपला घालायला गेली तर चपला तरंगत होत्या. टाकी तळातून गेली होती.

"अॅल्युमिनियम-जस्ताची कांब मिळते," ती म्हणाली. "थोडी कमी टिकते, पण वास मारते. तीच आणा."

ऑरिन म्हणाला, बघू. पॅनकेकवर त्याने सरबतासारखा पाक ओतला आणि वर लाल मिरचीचा सॉस. पाकावर सॉस. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

१४ जानेवारी

या पार्कची एक रीत आहे. कुणीही ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाचं झाकण उघडलं की आसपासचे पुरुष आपापली घडीची खुर्ची घेऊन येतात आणि समोर बसतात. कुणी बोलावत नाही. झाकण उघडल्याचा आवाज त्यांना कसा ऐकू जातो देव जाणे, बायकोने मारलेली हाक ऐकू जात नाही.

आज आमचं झाकण उघडलं. ऑरिनने गॅस बंद केला, पाणी बंद केलं, झडप उचलून दाब सोडला आणि पाना लावला. कांब बाहेर आली. मधली तार उघडी पडलेली, तिच्यावर कुत्र्याने चघळलेल्या हाडासारखे तुकडे, आणि सगळ्यावर पांढरा बुळबुळीत चिकटा. मागोमाग टाकीतलं पाणी आलं, राखाडी, खपल्यांसकट. पुरुष बाळ बघायला आल्यासारखे पुढे वाकले. बर्ल म्हणाला, "वेळेवर काढलीस मित्रा, चाराणे उरली होती."

ऑरिनने काय करावं? ती घाण दोन बोटांत धरली आणि नाकाखालून सावकाश फिरवली. कारखान्यात चीजच्या पिंपात पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा आणि असाच नाकाखालून न्यायचा, डोळे मिटून. सगळे बघत होते, तो आता निकाल सांगणार म्हणून. त्याने डोळे उघडले आणि कांब वाळूत टाकली. लोकांपुढे नाटक करायची सवय काही जात नाही.

पण खरी किळस पुढे आहे. गावातल्या दुकानातून त्याने नवी कांब आणली होती. संध्याकाळी मी पुठ्ठ्यावर वाचलं, मॅग्नेशियम.

मी म्हटलं, "डॅफ्नीने काय सांगितलं होतं?"

"दुकानात दोन्ही होत्या. टाकीला ही चांगली."

"आणि मला?"

"आर्डिस, एवढा काही येत नाही गं तो वास."

मी ताटली आपटली. सांगून टाकलं की फेब्रुवारी संपेपर्यंत हा वास गेला नाही तर मी बसमध्ये बसून परत विस्कॉन्सिनला, ओ क्लेअरला इनेझकडे जाणार. बहिणीच्या मागच्या खोलीत राहीन, पण या डबक्यात राहणार नाही. त्याला वाटलं मी बोलायचं म्हणून बोलते. मी इनेझला फोनही केला. ती म्हणाली, खोली आवरते.

१९ जानेवारी

दुपारी तो हॅमचं सँडविच खात होता. मी पाकीट उचललं तर हॅम हिरवट आणि चिकट, हाताला तार येत होती. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलेलं. अर्धं सँडविच त्याच्या पोटात गेलं होतं आणि उरलेलं तो मोहरी लावून मजेत चावत होता. मी हिसकावून बाहेरच्या डब्यात टाकलं.

हा माणूस एके काळी पाहुणे बसलेले असताना लोणी परत पाठवायचा. म्हणायचा, गायीने कांद्याची पात खाल्लीय. आता समोर काय आलं ते बघत नाही. निवृत्ती म्हणजे माणसाने असं गलिच्छ व्हायचं, असं कुठे लिहिलंय?

दुसरी कटकट, गॅस गळला की वाजणाऱ्या जमिनीलगतच्या भोंग्याची. कॅम्परसोबत आलेला, जुना. मिनिटामिनिटाला चिवचिवतो. बर्ल म्हणाला त्याचं आयुष्य संपलंय, नवा बसवा. मी ऑरिनला सांगितलं, आधी याची तार तोड, माझं डोकं उठलंय. त्याने तोडली. नवा आणायचा राहिला आहे.

२६ जानेवारी

रोज चार वाजता कुणाच्या तरी मांडवाखाली सगळे जमतात. आज डॅफ्नीचा मांडव. कुणीतरी घरून तीन प्रकारचं चीज आणलं होतं आणि सगळे ऑरिनच्या मागे लागले, सांग बघू कुठलं जास्त जुनं. मी मनातून खूश झाले होते. निदान इथे तरी नवरा मिरवता येईल. तर हा उठला, म्हणाला, गाडीची काच उघडी राहिली, आणि गेला तो परत आलाच नाही. एवढा कसला ताठा? मी सगळ्यांपुढे खजील होऊन बिस्किटं खात बसले.

निघताना डॅफ्नीने मला बाजूला घेतलं. "तो जेवताना हल्ली काही बोलत नाही ना गं? चांगलं झालंय, वाईट झालंय, असं?"

मी म्हटलं, बोलायला माझ्या हातचं आवडायला हवं ना. ती अजून काही म्हणणार होती, पण मी निघाले. डॅफ्नीला त्याचा पुळका आहे, एवढंच.

४ फेब्रुवारी

बर्लच्या सांगण्यावरून टाकी व्हिनेगरने धुतली. आता लोणच्यातल्या नासक्या अंड्यांचा वास येतो.

११ फेब्रुवारी

शेवटी अॅल्युमिनियम-जस्ताची कांब मिळतेय. बर्ल उद्या युमाला डॉक्टरकडे जातोय, तिथून आणणार. ऑरिनने आज जुनी, म्हणजे नवीच, मॅग्नेशियमची कांब काढायला घेतली. खुर्च्या जमल्या. गॅस बंद, पाणी बंद, सगळं रीतसर, पण कांब हलेना. ऑरिनने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि त्याच्यावर वजन टाकून लोंबकळला. आख्खा हीटर कण्हला. मी आत मोरीशी उभी होते, तिथे कपाटात मागे कुठेतरी कट्ट झालं. मी खिडकीतून ओरडले, अहो, माझं घर मोडू नका. पुरुष हसले. कांब सुटली.

टाकी रिकामी केली, पाण्याचा पाइप गुंडाळला. रात्री डॅफ्नीकडे जेवलो. ऑरिनने तिच्या मटणाला चांगलं म्हटलं, मी विचारल्यावर.

१२ फेब्रुवारी

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी कॉफी डॅफ्नीकडे घेतली आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन पार्कच्या धुलाईघरात गेले. वारा सुटला होता, वाळू उडत होती, म्हणून जाताना मीच सगळ्या खिडक्या लावून गेले. दुपारी परत आले आणि पायरीवरच तो वास तोंडावर आला, कधी नव्हता इतका. मला इतका संताप आला की पिशवी तिथेच टाकली. मनात वाक्यं तयार होती. इतके दिवस खुर्च्या मांडून बसलात, टाक्या धुतल्यात, कांबी काढल्यात, आणि घाण पहिल्यापेक्षा जास्त.

दाराला हात घातला आणि बाहेरच्या टेबलावर ती कांब दिसली. कोरडी, वाळू बसलेली. शेजारी पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला. टाकीत थेंब नव्हता. कालपासून आमच्या घरात पाणीच नव्हतं, ना गरम ना थंड.

मग हा वास कशाचा?

आतून लायटरचा चाप ओढल्याचा आवाज आला. पेटला नव्हता. ऑरिन पुन्हा ओढणार होता.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. आत गेले आणि त्याच्या हातावर इतक्या जोरात मारलं की लायटर मोरीत पडला. कॉलरला धरून त्याला ओढत बाहेर काढलं. शेगडीजवळ लोणी लावलेले पाव मांडलेले होते, त्यावर किसलेलं चीज. माझ्यासाठी दुपारचं करत होता. त्याने शेगडीसाठी सिलिंडर उघडला, आणि मग आरामात पावाला लोणी लावत, चीज किसत उभा राहिला होता, आणि तेवढा वेळ मोरीखालून गॅस बाहेर येत होता.

सिलिंडर मी बंद केला. लोक धावत आले, या वेळी खुर्च्या न घेता. बर्ल तेवढ्यात युमाहून पोचला होता. घर वाऱ्याला उघडं टाकून बऱ्याच वेळाने तो आत गेला, हीटरमागच्या नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं आणि बाहेरून क्षणभर गॅस सोडायला सांगितला. फेस फुगला. काल पाइप लावून लोंबकळताना सांधा ढिला झाला होता. भोंगा असता तर केव्हाच कोकलला असता. त्याची तार माझ्या सांगण्यावरून तुटलेली.

बर्ल ऑरिनला म्हणाला, "मित्रा, मला हा वास रस्त्यावर आला. तू आत उभा होतास. तुला आला नाही?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा मी कधीच बघितला नव्हता.

"आम्हाला सवय झालीय," मीच म्हणाले. "इतके दिवस पाण्याचा तसाच वास येत होता."

बर्लला ते पटलं. सगळ्यांना पटलं. या पार्कमध्ये कुणालाही पटेल.

१३ फेब्रुवारी

रात्री डॅफ्नीने तिचा बाहेर ओढायचा पलंग दिला. सकाळी ती मुद्दाम फिरायला गेली आणि ऑरिन बोलला.

त्याला वासच येत नाही. गेल्या हिवाळ्यात तापाने पडला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं येईल परत. आला नाही. पारखायच्या टेबलावर तो सळई नाकाखालून न्यायचा, डोळे मिटायचा आणि अंदाजाने सांगायचा. मग एकदा खवट झालेली आख्खी खेप त्याने उत्तम म्हणून पुढे पाठवली. कारखान्याने बोभाटा केला नाही. निवृत्तीचा केक कापला आणि त्याला घरी पाठवलं. त्या केकचा फोटो मी फ्रिजवर लावला होता.

मी म्हटलं, "मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तू सगळ्यांना सांगायचीस," तो म्हणाला. "पहिल्या नाचाला मी तुला म्हणालो, तू आज सफरचंदं सोललीस, नुसत्या वासावरून, आणि तू तिथेच लग्नाचं ठरवलंस म्हणून. लग्नाकार्यात सांगायचीस."

सांगायचे. अजूनही सांगते.

"मग घर कशाला विकलं? तिथे काय टोचत होतं?"

"तिथे प्रत्येक खोलीचा वास मला ठाऊक होता. जिन्याचा, तळघराचा, तुझ्या लायलॅकचा. तेवढा गेला आणि मला परक्याच्या घरात राहिल्यासारखं व्हायला लागलं. इथे मला आधीचं काही माहीतच नाही. म्हणून इथे काही हरवल्यासारखं वाटत नाही."

मला त्याची किळस आली, खरं सांगते. ते हिरवं हॅम आठवलं. इतका वेळ समोर बसून खोटं चावत होता. मला माझीही किळस आली, पण ती कमी. आणि मग मला रडू आलं आणि त्याला कळेना की आता मी कशावरून रडतेय.

त्याने एवढंच विचारलं, "काल नक्की कसा येत होता गं?"

मी सांगितलं. नासकी अंडी, त्यात जळका लसूण. पाण्याचा थोडा वेगळा, चिखलासारखा. तो मन लावून ऐकत होता, कारखान्यात नवी पोरं त्याचं ऐकायची तसं.

१७ फेब्रुवारी

गॅसवाल्याने सगळे सांधे नवे केले. नवा भोंगा बसला. सकाळी ऑरिन दुधाचा डबा उघडतो आणि माझ्या नाकाखाली धरतो. आधी मला त्याचाच राग आला, अजून डोळेही उघडले नव्हते. आज दूध आंबलेलं निघालं. मी "शी" म्हटलं आणि त्याने ते मोरीत ओतलं.

२१ फेब्रुवारी

आज अॅल्युमिनियम-जस्ताची कांब बसली. बर्लने शिकवलं तशी, आट्यांना टेपचे मोजके वेढे, आधी हाताने आणि मग पान्याने बेताने. पाइप कुणी आणलाच नाही. आधी टाकी ब्लीचने धुतली, भरली, ओतली, पुन्हा भरली. मग गॅस सुरू केला आणि पाणी तापेपर्यंत सगळे पुरुष खुर्च्यांवर बसून राहिले.

ऑरिन टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभा राहिला. मी आत नळ सोडला. तो पाण्याकडे बघत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. फेब्रुवारी संपत आलाय आणि बसच्या वेळापत्रकाचा कागद त्या दाराच्या मागेच मी टाचणीने लावलेला होता.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला," मी म्हणाले.

"नक्की?"

"अरे, गेला म्हणते ना. कशाचाच वास नाही."

तो बाहेर गेला आणि सगळ्यांना सांगितलं. टाळ्या वाजल्या. बर्लने त्याची पाठ थोपटली. मग ऑरिन परत आला, ओंजळीत गरम पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि हसला, जणू त्यालाही ते कळत होतं.

गेलेला नाही. पहिल्यापेक्षा बराच कमी आहे, पण आहे. आंघोळ करताना दोनदा नाक दाबून धरलं. अजून माझ्या दंडाला येतोय, आत्ता लिहितानाही. मंगळवारी तो घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळायला गेला की टाकीत पेरॉक्साइड मीच ओतणार आहे. बर्लला गुपचूप विचारून ठेवलंय, किती ओतायचं ते. त्याने कारण विचारलं नाही.

संध्याकाळी इनेझला फोन केला. म्हटलं, खोली आवरू नकोस. ती म्हणाली, म्हणजे वास गेला वाटतं? तिलाही हो म्हणाले. ऑरिन शेजारीच बसला होता.